काठीवरची पुडी

त्या साली काकडीवर भुरी अशी आली, की मांडवाखाली उभं राहिलं तर वाटावं, कुणीतरी पीठ चाळून गेलंय. पहाटे दव आणि दुपारी टाळकं तापवणारं ऊन. माणसानं शिंकावं आणि रोगानं बाळसं धरावं, अशी हवा. पानं आधी पांढरी झाली, मग पिवळी, मग हातात घेतली की चुरा. तोडणीला आलेला माल वेलावरच वाकडा व्हायला लागला, आणि जो तो पंपवाल्याच्या दारात येऊन उभा राहू लागला.

पाठीवर पंप अडकवून लोकांच्या शेतात औषध मारायचं, हा त्याचा धंदा. पट्ट्यानं खांद्याला घट्टा पडलेला, एक खांदा कायमचा खाली उतरलेला. दांडा हलवून हलवून डावा हात उजव्यापेक्षा जाड झाला होता. अंगाला औषधाचा असा वास, की बायको म्हणायची, "तुमच्या उशाला डास फिरकत नाहीत, तेवढाच काय तो संसारात फायदा."

या कामाची तिथे एक रीत होती. पंपवाल्यानं पुडी मालकासमोर फोडायची. फोडण्याआधी मागचं बारीक छापलेलं वाचायचं, मग औषध कालवायचं. फवारणी आटपली की रिकामी पुडी काठीला खोचून ती काठी बांधावर रोवायची. काठीवर पुडी दिसली, की त्या शेतातली काकडी तोडून तोंडात टाकायची नाही, जनावर आत सोडायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आता, पंपवाल्याला वाचता येत नव्हतं असं नाही. तेच तर दुखणं होतं. अजिबात येत नसतं, तर तो बिनदिक्कत म्हणाला असता, "मी अंगठेबहाद्दर, तुम्हीच वाचा." पण त्याला सगळी अक्षरं येत होती. काना, वेलांटी, जोडाक्षरसुद्धा. फक्त प्रत्येक अक्षर दगडासारखं उचलून लावावं लागायचं. पुढचा शब्द रचून होईतो मागचा ढासळलेला असायचा. ओळीच्या शेवटी धापा टाकत पोचला, की सुरुवातीला काय होतं ते पार गेलेलं. शाळेत एकदा त्याला उभं राहून धडा वाचायला लावला होता, आणि पहिली ओळ संपायच्या आत सगळा वर्ग हसून लोळला होता. मास्तरही हसले होते. त्यानंतर त्यानं लोकांसमोर वाचणं सोडलं आणि वाचल्यासारखं करणं शिकून घेतलं.

त्यात तो तरबेज होता. पुडी हातभर लांब धरायची, भुवया आक्रसायच्या, ओठ गच्च मिटायचे, कारण ओठ हलले की पितळ उघडं पडतं. नजर वरून खाली सावकाश उतरवायची. मध्ये एकदा "हं" म्हणायचं आणि शेवटी मान हलवायची. लग्न ठरवायला गेला तेव्हाही सासऱ्याच्या ओट्यावर वर्तमानपत्र उघडून असाच बसला होता. सासरा खूश. बायकोला खरं काय ते आठवड्याभरात कळलं, पण तिनं वर काढलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. एका पंपाला किती औषध, हे दुकानदार तोंडानं सांगायचा, आणि तेवढ्यावर त्याची इतकी वर्षं सुखात गेली होती.

भुरीच्या त्या धांदलीत काकीच्या मांडवाची पाळी भर दुपारी आली. सकाळचा गार वेळ बागायतदाराच्या मोठ्या मळ्यात गेला होता. काकी काही बोलायची नाही, हे पंपवाल्याला माहीत होतं, म्हणूनच तिला दुपार दिली होती. ती कुणाची सख्खी काकी नव्हती, पण आळीत सगळे तिला काकीच म्हणत. एकटीच राहायची. तुकडाभर जमीन, त्यात काकडीचा मांडव, आणि कडेला एक विहीर. विहिरीवर तिचा भारी जीव. खणली तेव्हा पोटुशी असताना तिनं डोक्यावरून मुरमाच्या पाट्या वाहिल्या होत्या. आजूबाजूच्या शेतांत खुरपणाऱ्या बाया दुपारी याच विहिरीवर पाणी प्यायच्या आणि म्हणायच्या, "काकी, पाणी आहे का साखर आहे?" काकी वरवर "चला, काहीतरीच" म्हणायची आणि बादली काठोकाठ भरून द्यायची.

त्या दिवशीही बाया बांधाला जेवत बसल्या होत्या. पंपवाल्यानं पुडी काढली. बायांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. त्यानं पुडी लांब धरली, भुवया आक्रसल्या.

"नीट वाच हो," काकी म्हणाली. "मला मेलीला त्यातलं काही कळत नाही."

"वाचलं की."

"एवढ्यात? काय लिहिलंय?"

"नेहमीचंच. तोंडाला फडकं बांधा, हात धुवा."

"बाई बाई, भरभर वाचतोस रे," एक बाई म्हणाली. पंपवाल्याला बरं वाटलं. त्यानं पुडी फाडली आणि काकीनं ओढून दिलेल्या पाण्यात पिवळी भुकटी कालवली. पानं अजून तुकतुकीत दिसत होती, कारण गेल्याच आठवड्यात मावा कीड पडली म्हणून त्यानंच तेलाचं औषध मारलं होतं. ऊन असं होतं, की पंपाची तोटी हाताला चटका देत होती. त्यानं मांडव वरून खालून धुऊन काढला, पुडी काठीला खोचली आणि निघाला.

तिसऱ्या दिवशी काकीचा मांडव करपला होता. भुरी गेली होती, पण पानंही गेली होती. कडा तपकिरी, मधे डाग, वेलाचे शेंडे काळे. जणू कुणी खालून जाळ लावला. काकी मांडवाखाली हात लोंबकळत सोडून उभी होती. बातमी कळून बागायतदार आला, खुरपणाऱ्या बाया आल्या, आणि कुणीतरी पंपवाल्याला बोलावून आणलं.

"अरे, माझा मळा याच औषधानं हिरवागार आहे," बागायतदार म्हणाला. "हिच्याकडेच असं कसं झालं?"

सगळे पंपवाल्याकडे बघत होते. काय झालंय हे त्याला खरंच कळत नव्हतं. आपण पुडी वाचली नाही, एवढंच पक्कं ठाऊक होतं. तोंडाला कोरड पडली आणि जीभ आपोआप टाळ्याला लागली.

"पाणी," तो म्हणाला. "काकी, तुमच्या विहिरीचं पाणी जड आहे. औषध पाण्यात फाटलं. पुडीवर लिहिलेलंच असतं तसं."

नाचता येईना, अंगण वाकडं. पण ऐकणाऱ्यांना ते पटलं. पुडी वाचणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर पटणारच. बागायतदार म्हणाला, "असेल. पाणी बदलतं खालून."

काकीनं एकदा विहिरीकडे पाहिलं. "इतकी वर्षं गोड होतं रे," ती म्हणाली. जावयानं भर पंगतीत लेकीची खोड काढावी आणि आईनं खाली बघावं, तशी ती खाली बघत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून बाया पाणी घरून आणू लागल्या. "औषध फाटतं त्या पाण्यानं, आपली आतडी काय फाटायची नाहीत?" असं एकीनं म्हटलं आणि ते सगळ्यांनी उचललं. काकीनं स्वतःही ते पाणी सोडलं. गुडघे धरून, लांबच्या सरकारी नळावरून कळशी आणू लागली. पंपवाल्याचं कुणी काही वाकडं केलं नाही. त्याची गिऱ्हाइकी तशीच चालू राहिली, आणि काकीच्या बांधावरून जायची वेळ आली की तो वाट वाकडी करून जाऊ लागला.

त्याच दिवसांत शाळेतून निरोप आला. त्याची लेक दुसरीत होती. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून तो तिला मुंगी म्हणायचा, आणि तेच नाव पडलं होतं. बायको काकडी भरायच्या शेडवर कामाला जायची, तिला सुट्टी मिळाली नाही. म्हणून पंपवाला अंग घासून, धुतलेला सदरा घालून शाळेत गेला.

बाईंनी त्याला पोरांच्या बाकावर बसवलं. गुडघे हनुवटीला लागले. शेजारी मुंगी मान खाली घालून बसली होती. बाईंनी तिला एक ओळ वाचायला सांगितली. मुंगीनं अक्षराखाली बोट ठेवलं.

"ना… वा… डी… नावाडी… प… ली… पली… कडे…"

पंपवाल्याच्या कानशिलांतून घाम सुटला. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता.

"बघितलंत?" बाई म्हणाल्या. "हिला अक्षरं सगळी येतात. हुशार आहे. पण सगळा जोर अक्षर ओळखण्यात संपतो आणि अर्थासाठी काही उरतच नाही. ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. मग लाज वाटते, म्हणून वाचायचं टाळते. टाळलं की आणखी मागे पडते."

"मग याला औषध काय?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

बाई हसल्या. "औषध घरातच आहे. रोज एक छोटा उतारा घ्यायचा, मोठ्यानं वाचायचा. आधी तुम्ही वाचून दाखवा. मग दोघांनी एका आवाजात. मग तिनं एकटीनं. तोच उतारा पुन्हा, परत पुन्हा. शब्द सुटे नाही घ्यायचे, जोडीनं घ्यायचे. 'नदीच्या पलीकडे' हे एका दमात. आणि दोन गोष्टी करायच्या नाहीत. हसायचं नाही, आणि तिच्या तोंडातला शब्द हिसकावून घ्यायचा नाही. थांबायचं. थांबलं की येतो शब्द."

एवढं बोलून त्यांनी पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. "दोन ओळी वाचून दाखवा बरं. कसं वाचायचं ते तिला कळेल."

त्यानं पुस्तक हातभर लांब धरलं. भुवया आक्रसल्या. पण इथे "हं" म्हणून भागणार नव्हतं. बाई वाट बघत होत्या. खिडकीबाहेर दोन पोरं उभी होती.

"चष्मा घरी राहिला," तो म्हणाला.

मुंगीनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. घरात चष्मा नव्हता. कधीच नव्हता. मग ती पुन्हा खाली बघू लागली. तो पोरीसमोर खोटं बोलला होता, आणि पोरीनं ते झाकून घेतलं होतं. बापाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वाटेत तिनं त्याचं बोट धरलं. बरंच चालल्यावर म्हणाली, "बाबा, चष्मा आणायला पैसे लागतील ना?"

"गप चल," तो म्हणाला.

बाई काय म्हणाल्या ते घरी बायकोनं ऐकून घेतलं आणि भाकरीसाठी पीठ मळता मळता म्हणाली, "मग बसा संध्याकाळी घेऊन."

"तू बस की."

"मला सही करता येते, तेवढीच माझी इयत्ता. वाचणारे तुम्ही. आमच्या बाबांनी वर्तमानपत्र बघून दिली मला." आणि ती तोंड फिरवून हसली.

दिवेलागणीच्या आधी, उजेड असेतो, बापलेक ओट्यावर बसले. पहिल्या दिवशी सगळाच घोळ झाला. मुंगी अडली की त्याला राग यायचा. शब्द ठाऊक असला की तो चटकन हिसकावून घ्यायचा, ठाऊक नसला की म्हणायचा, "लक्ष कुठाय तुझं?" शेवटी ती रडकुंडीला आली.

"बाई म्हणाल्या आधी तुम्ही वाचायचं."

त्यानं पुस्तक घेतलं. अंगणात तिसरं कुणी नव्हतं. बायको चुलीपाशी होती, पण तिचा पाठमोरा कान इकडेच होता. तो वाचू लागला. "न… नदी… नदीच्या… प… पली…" त्याचा आवाज त्याला शाळेतल्या त्या उभ्या राहिलेल्या पोरासारखा ऐकू आला. ओळ संपली. त्यानं वर पाहिलं. मुंगी हसत नव्हती. तोंड उघडं टाकून ती बघत होती.

"तुमचं पण मागचं पडतं?" तिनं विचारलं.

"हो," तो म्हणाला. "पडतं."

"मग परत वाचू. बाईंनी सांगितलंय, परत वाचलं की चालतं."

मग दोघांनी एका आवाजात वाचलं. कधी ती पुढे, कधी तो. अक्षराखाली तिचं बोट सरकत होतं आणि दोघांची नजर बोटाला बांधलेली. तिसऱ्यांदा वाचताना नावाडी एकदाचा पलीकडे पोचला. पंप मारताना दांडा आणि पाऊल यांची एक लय असते, ती एकदा लागली की ओझं कळत नाही. तसंच काहीसं झालं. "नदीच्या पलीकडे नावाड्याचं घर होतं," मुंगीनं एकटीनं वाचलं आणि ओरडली, "बाबा, म्हणजे तो घरी चाललाय!" इतके दिवस तो नावाडी कुठे चाललाय हेच तिला माहीत नव्हतं. चुलीपाशी बायकोनं पदरानं डोळे पुसले आणि धुराला शिव्या घातल्या.

पुढे रोज बसायचे. तेच पान, मग पुढचं. पंपवाला पंप घासता घासता पुटपुटायचा, "नदीच्या पलीकडे, नदीच्या पलीकडे." मुंगीला तर वाचायची चटकच लागली. गोणीवरचं वाच, दुकानाच्या पाटीवरचं वाच, बाबांच्या सदऱ्याच्या आतली चिंधी वाच. आणि वाचलं की दोनदा, तीनदा, बाईंनी सांगितलंय म्हणून.

एकदा शाळा सुटल्यावर तिला आणताना त्याला उशीर झाला होता, म्हणून तो काकीच्या बांधावरून निघाला. काकी मांडवावरचे वाळलेले वेल ओढून काढत होती. हात खरचटलेले, केसांत काड्या. कडेला नळावरून आणलेली कळशी. बांधावर ती काठी तशीच उभी होती. माल काढायचा नव्हता, तर काठी कोण काढणार? पुडीचा रंग उन्हानं उडाला होता, पण मागची अक्षरं शाबूत होती.

मुंगी काठीपाशी थांबली आणि बोट लावलं. "या… औषधाची… फवा… रणी… सकाळी… किंवा सा… यंकाळी करावी."

"चल गं, उशीर झाला."

"वाचू दे की रे," काकी वेल ओढता ओढता म्हणाली. "कसं छान वाचते."

मग तर विचारूच नका. "ते… ल… तेल… यु… युक्त औषध… फवा… फवारल्या… नंतर दोन आठ… आठवड्यां… च्या आत, किंवा… कडक उन्हात, हे औषध… फवारल्यास का… कडी… वर्गीय पि… कांची पाने… क… कर… करपतात."

पहिल्या वाचनात काही हाती लागलं नाही. काकीही नुसती कौतुकानं मान हलवत होती. मुंगीनं रीतीप्रमाणे दुसऱ्यांदा सुरुवात केली. पंपवाला सवयीनं तिच्याबरोबर ओठ हलवू लागला. या खेपेला शब्द जोडीजोडीनं आले. तेलयुक्त औषध फवारल्यानंतर. दोन आठवड्यांच्या आत. किंवा कडक उन्हात. त्याच्या डोळ्यांसमोर ती तुकतुकीत पानं आली, हाताला चटका देणारी तोटी आली. अर्थ असा अंगावर आला, की त्याचा हात काठीला टेकला. इतके दिवस त्याचा गुन्हा छापील अक्षरांत बांधावर उभा होता, आणि येणारे जाणारे त्याला वळसा घालून जात होते.

मुंगीनं तिसऱ्यांदा तोंड उघडलं. तिसऱ्या वेळेला कसं होतं, हे त्याला माहीत होतं. तिसऱ्या वेळेला सगळ्यांना कळतं.

"पुरे!" तो केवढ्यांदा ओरडला. "अडखळत काय वाचत बसतेस रस्त्यात? लोक हसतील!"

तिचं बोट पुडीवरून गळून पडलं. त्यानं तिला दंडाला धरून ओढत नेलं. मागे काकी म्हणत होती, "अरे, लेकराला असं रागावू नये." ती काकी! तिचा मांडव यानं जाळला होता, तिच्या विहिरीला यानं बट्टा लावला होता, आणि ती याच्याच लेकीची बाजू घेत होती.

त्या संध्याकाळी मुंगी ओट्यावर आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुस्तक दप्तरातून निघेना. बायकोनं विचारलं तर म्हणाली, "मला नाही येत. लोक हसतात."

बायको त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "काय केलंत पोरीला?"

त्यानं सगळं सांगितलं. तेलाचं, उन्हाचं, न वाचलेल्या पुडीचं, पाण्याचं. सांगताना तो पंपाच्या पट्ट्याशी चाळा करत होता. शाळेत जे त्याचं झालं होतं, तेच त्यानं स्वतःच्या हातानं पोरीचं केलं होतं, हे मात्र त्याला सांगता आलं नाही.

"आता कळलं लोकांना, तर कुणी मला बांधावर उभं करणार नाही," तो म्हणाला. "धंदा बसेल."

"बसेल," बायको म्हणाली. "मी शेडवर दोन पाळ्या करीन. पण काकी दुखऱ्या गुडघ्यांनी नळावरून पाणी आणते, ते मला रोज दिसतं. आजवर मला वाटायचं, बिचारीचं नशीब. आता कसं बघू तिच्याकडे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मुंगीला घेऊन निघाला. वाटेत तो म्हणाला, "तू चुकली नव्हतीस. मीच घाबरलो होतो."

"कुणाला?"

"पुडीला," तो म्हणाला. ती हसली नाही. पण तिनं बोट धरलं.

काकीला एकटीला गाठायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पण बाया विहिरीजवळच्या सावलीत जेवायला बसल्या होत्या आणि काकीही त्यांच्यातच होती. प्रत्येकीपुढे घरून आणलेलं पाणी. त्यानं बांधावरची काठी उपटली, पुडी काढून घेतली.

"काकी, जरा इकडे या. बोलायचंय."

"इथंच बोल."

"बाजूला आलात तर…"

"विहिरीला नावं ठेवलीस, तेव्हा मला बाजूला घेतलं नव्हतंस," काकी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "इथंच बोल."

त्यानं पुडी सवयीनं हातभर लांब धरली, मग डोळ्यांजवळ आणली.

"त्या दिवशी मी वाचलं नव्हतं," तो म्हणाला. "आता वाचतो."

"ते… तेल… तेलयु… क्त…" ओठ हलत होते, आवाज फाटत होता. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. फवारणीच्या दिवशी भरभर वाचतोस म्हणणारी फिसकन हसली. "अगं बाई, हा तर पहिलीतला निघाला!" दुसरीनं तोंडात पदर कोंबला. त्याच्या कानांच्या पाळ्या पेटल्या. खाली जमीन फाटली असती तर तो आनंदानं गेला असता. पण तो थांबला नाही. "काक… डी… वर्गीय…" घाम नाकावरून पुडीवर टपकला. कसाबसा शेवटच्या शब्दापाशी पोचला.

"काही कळलं नाही," काकी म्हणाली. "सगळे तुकडे झाले. परत वाच."

मुंगी पुढे झाली आणि तिनं अक्षराखाली बोट ठेवलं. दोघं एका आवाजात वाचू लागले. तिचा बारीक आवाज, त्याचा घोगरा. या वेळी कुणी हसलं नाही. शेवटी शेवटी तर घास चावायचे थांबले.

"म्हणजे…" हसलेली बाई म्हणाली, "म्हणजे पाण्याचं काही नव्हतंच?"

"नव्हतं," पंपवाला म्हणाला. "तेल मीच मारलं होतं. ऊनही मीच निवडलं. पाणी मी नुसतं पुढे केलं. काकी, मांडव मी पुन्हा उभा करून देतो. वेल लावण्यापासून…"

"परत वाच."

"कळलं ना काकी तुम्हाला?"

"मला कळलं. तुला कळलंय का, ते बघायचंय. परत वाच."

त्यानं पुडी वर घेतली. मुंगीनं बोट ठेवलं, पण लगेच काढून घेतलं. बापाची नजर बोटाच्या पुढे गेली होती.

"तेलयुक्त औषध फवारल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, किंवा कडक उन्हात, हे औषध फवारल्यास काकडीवर्गीय पिकांची पाने करपतात."

कुठे अडला नाही. उभ्या जन्मात चार माणसांसमोर त्यानं न अडखळता वाचलेली ती पहिली ओळ, आणि ती हीच असावी! मुंगीनं टाळ्या वाजवायला हात वर केले, सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं आणि हात खाली घेतले.

काकी उठली. गुडघ्यांवर हात देत विहिरीपाशी गेली, बादली सोडली. इतके दिवस न वापरलेली रहाटाची चाकं कुरकुरली. बादली वर आली तशी तिनं आधी स्वतः ओंजळ भरून पाणी प्यायलं, मग बायांना वाढलं. एकेकीनं घरच्या बाटल्या बाजूला सारल्या आणि खाली मान घालून ओंजळी पुढे केल्या. मुंगी प्यायली. शेवटी काकी पंपवाल्यासमोर आली.

"हळू वाचलं असतंस," ती म्हणाली, "तरी मी थांबले असते रे. मला कुठे जायचं होतं?"

त्यानं वाकून ओंजळ धरली. काकीनं बादली कलती केली. पाणी नेहमीसारखंच गोड होतं, आणि ते त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.